हरण्याच्या डोळ्याखालचा भोवरा

हरण्या शेळीच्या दुधावर वाढला, असं सांगितलं की सावेडीतल्या आमच्या सोसायटीतल्या बायका हसतात. त्यांना वाटतं, म्हातारी रंगवून सांगतेय. अहो, रंगवून सांगायला अंगात जोर लागतो, तो आता कुठून आणू? झालं ते असं, की आमची गाय व्याली आणि आठव्या दिवशी गेली. मागं राहिला काटकुळ्या पायांचा एक गोऱ्हा, तोच हरण्या, आणि घरात दुभतं म्हणाल तर एक काळी शेळी. तात्या, म्हणजे माझे वडील, म्हणाले, जगला तर जगला. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची होते आणि अंगात हट्ट होता. दोन दिवस मी त्याला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं. तिसऱ्या दिवशी आईला त्या बोळ्याचा कंटाळा आला आणि तिनं शेळीलाच उचलून ओट्यावर उभी केली. वर शेळी, खाली गोऱ्हा. शेळी आधी लाथा झाडायची, मग मी तिच्या तोंडाशी बाभळीच्या शेंगा धरल्या की निमूट उभी राहायची. पुढं पुढं तर तो हंबरला की ती आपली आपणच ओट्यावर चढायची. गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून बघायला यायच्या. "सुमे, ह्यो आता बें बें करनार बघ," म्हणायच्या. मला राग यायचा. माझा राग तेव्हा नाकाच्या शेंड्यावर असायचा. आता तोही दमला.

तो जगला, आणि जगला म्हटल्यावर तात्यांनी त्याच्या अंगावरून नीट हात फिरवला. कान बघितले, खुरं बघितली, शेपटीचा गोंडा बघितला. हात उजव्या डोळ्याखाली आला आणि थांबला. तिथं केसांचा भोवरा होता, चार आण्याच्या नाण्याएवढा. आमच्या भागात जनावर घेताना दाताआधी भोवरे बघत. कपाळावरचा चांगला, पाठीवरचा कसा वळलाय त्यावर ठरणार, आणि डोळ्याखालचा सगळ्यांत वाईट. डोळ्याखाली भोवरा असलेलं जनावर धन्याच्या घरी रडं आणतं, अशी समजूत. समजूत हा शब्द मी आज वापरते. तेव्हा ते सूर्य उगवण्याइतकं पक्कं होतं, आम्हालाही आणि दहा गावांनाही. आईनं वाकून बघितलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. हितं रडायचं आधीच काय कमी हाय? त्यात आनखी एक." झालं, हरण्या राहिला.

दीडेक वर्षात तो असा काही भरला की बघत राहावं. पांढरा स्वच्छ रंग, पाठ सरळ, शिंगं नुकती वर निघालेली. पण तो भरत गेला तसतसं आमचं बाकी सगळं आटत गेलं. पाऊस नाही म्हणजे नाहीच. विहिरीत पोहरा सोडला की आधी पाण्याचा आवाज यायचा, मग चिखलाचा यायला लागला, मग दगडाचा. आई-तात्या दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. घरी परत आले तरी आईच्या हातातला हातोडीचा ठेका जायचा नाही; भाकरी थापतानाही तोच, ठक ठक ठक. भाकरी मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, तांबडी, काठाला चिरत जाणारी. गिळताना तिच्यासोबत काहीतरी पातळ लागायचं, म्हणून रोज हुलग्याचं माडगं. आजकाल माझी सून हुलगे पौष्टिक म्हणून पाकिटातून आणते आणि मला चमच्यानं वाढते. मी खाते. तिला काय सांगायचं? सांगायला बसलं की मलाच ऐकवत नाही.

त्याच वर्षी आमच्या शाळेतल्या गुरुजींनी एक टूम काढली. शेजारच्या गावी पौषात भैरोबाची जत्रा भरायची आणि जत्रेत जनावरांचं प्रदर्शन असायचं. त्यात यंदा शाळेतल्या पोरांनी स्वतः पाळलेल्या जनावरांची वेगळी रांग लावायची, नंबर काढायचे, बक्षीस द्यायचं. अशा वर्षात हे कशाला, असं तेव्हा कुणाला वाटलं नाही. उलट पोरांना चेव आला. मी तर शाळा सुटली की सुटायचे ती थेट ओढ्याकाठी. बाभळीच्या शेंगा वेच, पिंपळाचा पाला ओरबाड, निवडुंग तोडून आण आणि त्याचे काटे जाळावर भाजून काढ. बोटं कायम काट्यांनी भरलेली. रात्री अंथरुणावर पडलं की ती ठसठसायची, पण सकाळी हरण्या खरखरीत जिभेनं हात चाटायचा आणि मला सगळं भरून पावायचं. खरं सांगते, त्यानंतर मी नोकरी केली, संसार केला, तीन बाळंतपणं केली, पण कुणासाठी इतक्या मनापासून राबले असेन असं वाटत नाही.

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी जेवताना तात्यांनी विषय काढला. ते एरवी जेवताना बोलत नसत.

"कडबा आठ दिसाचा ऱ्हायलाय," ते म्हणाले. "उद्या जत्रंत नंबर आला, तर बागायतीकडचं कोनीतरी नेईल. तिकडं पाटाचं पानी हाय, उसाचं वाढं हाय. वाचंल. न्हाई कोनी नेला तर मग तिसगावचा बाजार."

बाजार म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. त्या वर्षी बाजारात जनावर विकत घेणारा शेतकरी औषधाला मिळत नव्हता. हेडी, म्हणजे जनावरांचे दलाल, ट्रक घेऊन यायचे, आणि ट्रकात भरलेली जनावरं नांगराला जात नाहीत हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

"आपन ठेवू की त्याला. मी आननार पाला," मी म्हणाले.

"कुठून आननार? झाडं कुठं ऱ्हायलीत?" आई म्हणाली. ती रागावली नव्हती. आमच्या घरात त्या वर्षी कुणी रागावत नव्हतं. रागवायलाही पोटात काही लागतं.

"आन त्यो भोवरा?" मी विचारलं.

तात्यांनी पितळीतलं माडगं संपवलं, हात धुतला, आणि मग म्हणाले, "त्ये मी बघतो."

सकाळी त्यांनी लाल काव कालवली. शिंगांना लावली, पाठीवर ठसे उठवले आणि मग अंगठा बुडवून हरण्याच्या दोन्ही डोळ्यांखाली एकेक गोल टिळा काढला. दोन्हीकडं सारखा. जत्रेला जनावर नटवतातच, त्यात कुणाला नवल वाटणार नव्हतं. वाळता वाळता केस चिकटले आणि भोवरा दिसेनासा झाला. "आपनहून काय सांगायचं न्हाई," तात्या माझ्याकडं न बघता म्हणाले. मी मान हलवली. माझी काही हरकत नव्हती. तो वाचावा एवढंच मला पाहिजे होतं.

दोन कोस चालत गेलो आम्ही, तात्या, मी आणि हरण्या. आई कामावर गेली, एक दिवसाची हजेरी बुडवणं परवडणार नव्हतं. जत्रा त्या वर्षी निम्मीच भरली होती, पण माझ्या डोळ्यांना काय, ती केवढी तरी वाटली. लाकडी पाळणा कुरकुरत फिरत होता. पिपाण्यांनी कान किटत होते. फोटोवाल्यानं रंगवलेल्या मोटारीचा पडदा टांगला होता आणि एक नवरा-बायको त्या मोटारीत बसल्यासारखी उभी होती, दोघांचे पाय खालून दिसत होते. मी हसले, तर तात्याही हसले. गोडीशेवेच्या पाट्या, रेवड्या, तळणीतून निघणारी जिलबी! त्या वासानं मी तिथंच रेंगाळले. "नंबर येऊ दे, मग घेऊ," तात्या म्हणाले. हरण्याच्या गळ्यातली घंटा वाजायची आणि लोक वळून बघायचे, आणि मी अशी काही ताठ चालत होते की जणू घंटा माझ्याच गळ्यात आहे.

पोरांची रांग म्हणजे एक तमाशाच होता. एकानं कोंबड्याच्या पायात बहिणीचा वाळा घातला होता. एकाचं मेंढरू दुसऱ्याची टोपी चघळत होतं. एकजण तर मामाची म्हैस घेऊन आला होता आणि ती आपण पाळली असं शपथेवर सांगत होता. म्हशीला ते मान्य नव्हतं, ती त्याला जवळही येऊ देईना. गुरुजी रांगेतून येरझाऱ्या घालत "शांत, शांत" म्हणत होते, ते पोरांना की जनावरांना, देव जाणे. मग जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी हरण्याचं तोंड उघडलं, कातडी चिमटीत धरून सोडली, पाय उचलून बघितले. "काय खायला घातलंस गं याला या दिवसांत?" त्यांनी विचारलं. मी शेळीपासून निवडुंगापर्यंत सगळं सांगून टाकलं. ते ऐकत राहिले. मग त्यांनी रुमालानं डोळ्याखालची काव पुसली, डोळा ताणून बघितला, म्हणाले, "स्वच्छ आहे," आणि पुढं गेले. तात्यांनी डबीतली काव काढून टिळा लगेच परत लावला. मला वाटलं, शहरातला माणूस, त्याला कुठलं भोवऱ्यातलं कळायला. नंबर पहिला आला. स्टीलचा पेला मिळाला आणि हरण्याच्या शिंगाला लाल फीत बांधली.

त्यानंतर तासाभरानं नेवाशाकडचे एक म्हातारेबाबा आले. पांढरं स्वच्छ धोतर, खांद्यावर नवंकोरं दावं, आणि बोटाला धरलेली पाच-सहा वर्षांची नात. छबी नाव तिचं. बाबांना घरच्या एका गोऱ्ह्याला जोड पाहिजे होती. ते हरण्याभोवती दोनदा फिरले, त्याचं नाव विचारलं, तात्यांशी बोलले. तेवढ्यात छबीनं हातातली अर्धी जिलबी हरण्याच्या तोंडापुढं धरली. त्यानं जिलबी खाल्ली, बोटं चाटली, मनगट चाटलं, आणि ती पोर खुदकन हसली. बाबा बोलता बोलता थांबले.

"हसली बघा," ते तात्यांना म्हणाले. "हिची आई औंदा गेली, दिवाळीच्या तोंडावर. तवापासून पोर आज हसली." मग तिच्याकडं वळून, "न्यायचा का गं ह्येला?"

"न्यायचा! मी ह्येला रोज जिलबी देनार," छबी म्हणाली.

सौदा जमला. तात्यांनी आमचं दावं सोडून घेतलं, कारण जनावर विकलं तरी दावं द्यायचं नसतं, नाहीतर त्यासोबत घरातली लक्ष्मी जाते. बाबा त्यांचं नवं दावं हरण्याच्या गळ्यात घालायला पुढं झाले. मला रडू येत होतं आणि आनंदही होत होता. पाटाचं पाणी, उसाचं वाढं, आणि हे एवढंसं पोर जीव लावणारं. आणखी काय पाहिजे होतं?

पण बाबा जुन्या रीतीचे होते. जनावर ज्यानं हातानं वाढवलं त्याच्या तोंडून त्याची खोड ऐकायची, मगच दावं घालायचं, अशी ती रीत. विकणाऱ्याला विचारून उपयोग नसतो, तो काय सांगणार! ते माझ्यापुढं उकिडवे बसले.

"पोरी, तू वाढवलास ना ह्येला? मग तूच सांग. मारका हाय का? बसका हाय का? काय खोड आसंल ती सांगून टाक. तुज्या सबदावर नेतो."

तात्या पाठ करून बरोबर आणलेल्या कडब्याच्या पेंढीचा आळा बांधत बसले. तो आधीच बांधलेला होता.

मी "न्हाई" म्हणणार होते. तोंडात आलेला शब्द होता तो. पण छबी हरण्याच्या मानेला मिठी मारून उभी होती, तिचा गाल बरोबर त्या टिळ्याला टेकला होता आणि गालाला लाल काव लागली होती. आणि मला धसकाच बसला. हिची आई आत्ताच गेली, आणि आपण हिच्या घरी हे पाठवतोय. उद्या हिचा बाप गेला तर? हा म्हातारा गेला तर? मला ते सगळं खरंच होईल असं वाटलं, अगदी डोळ्यांपुढं दिसलं.

"खोड न्हाई," मी म्हणाले, "पन डोळ्याखाली भोवरा हाय."

बाबांनी धोतराचा सोगा थुंकीनं ओला केला, छबीला बाजूला केलं आणि टिळा पुसला. डॉक्टरांनी पुसला होता तिथंच. बराच वेळ बघत राहिले. मग उठले आणि नवं दावं परत खांद्यावर टाकलं. तात्यांना त्यांनी एक शब्द विचारला नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तुजं भलं व्हईल, पोरी. खरं बोललीस. जनावर लई चांगलं हाय. पन माज्या घरातून औंदा एक बाई गेलीय, माजी छाती व्हत न्हाई."

आणि छबीला घेऊन निघाले. आपण गोऱ्ह्याला सोडून चाललोय हे तिच्या चार पावलं गेल्यावर ध्यानात आलं. तिनं जमिनीवर अंगच टाकलं. "माजा हरन्या, माजा हरन्या" असं ओरडत ती इतकी रडली, इतकी रडली की पाळण्याजवळची माणसंसुद्धा बघायला आली. बाबांनी तिला कडेवर उचलून नेलं तरी तिचा आवाज लांबपर्यंत ऐकू येत होता. मी जिला रडं नको म्हणून बोलले, ती तिथल्या तिथंच रडली.

तात्यांनी आमचं दावं परत हरण्याच्या गळ्यात घातलं. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी मला गोडीशेव घेऊन दिली, कबूल केली होती ना. मीही ती वाटेनं चालत सगळीच्या सगळी खाल्ली, पुडीचा कागदही चाटला. मला भूक लागली होती. घरी आईनं विचारलं, "काय झालं?" तर तात्या म्हणाले, "जमलं न्हाई." पुढं मरेपर्यंत त्यांनी त्या गोष्टीचं नाव काढलं नाही. आईला ती मी सांगितली, माझं लग्न झाल्यावर. ती म्हणाली, "मला ठावं हुतं."

आज मला माहीत आहे की भोवऱ्यात काही नसतं. केस कुठंतरी वळणार, ते तिथं वळतात. माझ्या नातवाच्या डोक्यावर दोन भोवरे आहेत, आम्ही त्याला दोन बायका मिळणार म्हणून चिडवतो आणि हसतो. आणि मग मी एकटीच गप्प होते, घरात कुणाला कारण कळत नाही. शाळेत बत्तीस वर्षं मी पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं. शिकवताना दर वेळी मला वाटायचं, बाई, तू खरं बोललीस कुठं? तू तर जगातली एक खोटी गोष्ट खरी म्हणून सांगितलीस, आणि ज्यानं तुझ्यावर सगळ्यात जास्त विश्वास टाकला त्याचा जीव घेतलास. "न्हाई" म्हणाले असते तर तेच खरं होतं. त्याला काही खोड नव्हती. हे कळायला मला पंधरा-वीस वर्षं लागली आणि तोवर कुणाला सांगावं असं कुणी उरलं नव्हतं. पुढं महिन्या-दीड महिन्यानं आमच्या भागात जनावरांची चारा-छावणीही उघडली. ते तर मी लिहायलाच नको होतं.

तिसगावच्या बाजाराला मीही गेले. जाणार नव्हते, घरात कोपऱ्यात तोंड खुपसून बसले होते. पण हरण्या तात्यांमागं उंबऱ्यापासून हलेचना. ओढलं तर पाय रोवायचा, मारलं तर मान वळवून मला शोधायचा. शेवटी तात्या दारात येऊन उभे राहिले. "सुमे," म्हणाले, "तू पुढं चाल." मी पुढं चालले. तो मागून मुकाट आला, सगळी वाट, घंटा वाजवत. बाजारात धूळ होती, हंबरडे होते, माणसं मात्र फारशी बोलत नव्हती. हेड्यानं हरण्याला बघितलं, तोंडसुद्धा उघडून बघितलं नाही, आणि ट्रककडं हात केला. ट्रकात आधीच सात-आठ जनावरं दाटीनं उभी होती. मागच्या उघड्या फाळक्याला तिरकी फळी लावली होती. दोघांनी ढकललं, एकानं शेपटी पिरगाळली, पण हरण्या फळीवर पाय ठेवीना. त्याच्या तोंडाला फेस आला.

"कोनाच्या मागं चालतंय का ह्ये?" हेड्यानं विचारलं. "माज्या," मीच म्हणाले. मला त्याचं ते शेपूट पिरगाळणं बघवत नव्हतं.

मी फळीवरून वर चढले. मागं वळून बघितलं नाही. फळी माझ्या पायाखाली दबली, मग आणखी दबली, आणि घंटा माझ्या पाठीशी आली. आत जनावरांची ऊब होती, शेणाचा वास होता. त्यानं माझ्या मानेला नाक लावलं. मी तशीच बाजूच्या फळ्यांवर पाय देऊन ट्रकाच्या कडेवर चढले आणि खाली उतरले. फाळका लागला.

हेडी कमरेला हात पुसत तात्यांना म्हणाला, "शानी हाय हो पोर तुमची."

"व्हय," तात्या म्हणाले.